चिमटीतली कातडी

चंद्राबाईनं लेकीच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना. शेळीच्या मानेवर अशी कातडी उभी राहिली की जनावर सुकलंय, हे हिर्डोशीच्या वरच्या वाडीत कुणाला शिकवावं लागत नाही.

"पाणी कवा प्यालीस?"

"काल जेवताना," मोहिनी म्हणाली. तिचे ओठ एकमेकांना चिकटत होते.

भोरचं ते मैदान नुसतं तापलं होतं. साडेआठची पाच हजार मीटर धावण्याची निवड भाषणांपायी अकरावर गेली होती. पहिल्या दोघींत आली तरच पोरीचं पुढं काही होणार. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती.

"सरांनी लघवीचा रंग बघायचा कागद दिलाय नं?"

"सकाळी बघितला की. पार चहावानी व्हता."

"आन् कळून बी प्याली न्हाईस? येडी का खुळी तू?"

"पिऊन जाऊ कुठं?" मोहिनीनं मैदानाच्या कडेला बोट दाखवलं. 'मुली' लिहिलेल्या संडासाच्या दाराला कुलूप होतं, आणि आडोशाला एक झुडूपसुद्धा नव्हतं. "मागल्या बारीला प्याले आन् तीन तास धरून बसले. कळ सोसत पळाले, तिसरी आले."

अशी सुकलेली शेळी चढावर मधेच बसते, आणि बसली की उठत नाही, हे चंद्राबाईनं दोनदा बघितलं होतं.

ती छातीवर बिल्ला लावलेल्या माणसाकडे गेली. "भाऊ, किल्ली द्या वो. पोरीची जायची पंचाईत झालीया."

"कार्यक्रम संपू द्या, मावशी," तो स्टेजकडे बघतच म्हणाला.

माईकवर मुलींना रेषेवर बोलावलं. चंद्राबाईनं पिशवीतली बाटली लेकीच्या हातात कोंबली. "घोट घोट पी. जागेचं म्या बघते."

मोहिनीनं झाकण उघडलं नाही. ती आईच्या मागोमाग दारापाशी आली.

चंद्राबाईनं धोंडा उचलला. लोक बघत होते, बघेनात का. तिसऱ्या घावाला कडी निखळली आणि दार उघडलं.

आत छतापर्यंत खोके रचले होते. पाहुण्यांसाठी आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे. भांडं कुठं आहे तेही दिसत नव्हतं.

मोहिनीनं बाटली आईच्या हातात परत दिली.

"ठेव, आये," म्हणाली, आणि रेषेकडे निघाली.