कानामागचे गोचीड

प्रयोगशाळेतून तिने फोन लावला. "काकू, गायीच्या रक्तात गोचीडतापाचे जंतू सापडलेत. लवकर कळलंय, औषधाने बरी होईल. पण कानामागचे गोचीड आजच काढून टाका."

"हात लावू देईल तर ना! तुझ्याकडून आणली तेव्हापासून शिंगंच उगारतेय."

"‘ये गं चिमणे’ म्हणून बघा. आई तिला तशीच हाक मारायची."

आई गेल्यावर गोठा रिकामा करताना तिनेच गाय काकूंना विकली होती.

फोनमधून काकूंची हाक ऐकू आली. मग त्या हसल्या. "अगं, मान पुढे केली की हिने."

"आणखी एकदा म्हणा ना."

"आता कशाला? शांत उभी आहे ती."

"तिच्यासाठी नाही, काकू. आई मलाही तसंच बोलवायची."