वरच्या फळीवरचा डबा

"ती पैसे मागणार नाही," वन्नाक म्हणाला. "तिथेच लोक फसतात."

पाऊस नुकताच उघडला होता. सिएम रीपच्या नदीकाठाने त्याची रेमॉर्क, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली छपराची गाडी, खड्डे चुकवत चालली होती. मागे हेन्रिएटबाई ऐसपैस बसल्या होत्या. या दिवसांत इथे पर्यटक औषधालाही सापडत नाही. म्हणून जो सापडेल त्याच्यावर साऱ्या गावाचा डोळा.

बाईंचं आयुष्य रॉटरडॅमच्या बंदरात जकात खात्यात गेलेलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या पेट्या उचकटल्या, आणि नॉम पेन्हमध्ये एका गोडबोल्याने त्यांनाच पत्त्यांच्या डावात गंडवलं. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत होत्या. पुन्हा कुणाच्या हाती लागायचं नाही, एवढा एकच हट्ट उरला होता.

"मग मागते काय?"

"दूध. पोराच्या दुधाचा डबा. तुम्ही दुकानात जाऊन दुप्पट भावाने घेऊन देता. तुमची पाठ वळली की डबा परत फळीवर. पैसे दुकानदारीण गिळते, हिच्या हातावर चिल्लर टेकवते. कडेवरचं पोरसुद्धा भाड्याचं असतं."

"शी! मग काहीच द्यायचं नाही."

"नाही दिलंत तर ती पुढचं गिऱ्हाईक गाठेल." वन्नाकने मागे वळून पाहिलं नाही. "डबा घ्या, पण तिथल्या तिथे फोडा. झाकणाखालचा पातळ पत्रा कापला की तो पुन्हा विकता येत नाही. आणि दुकानदारीण पोचा आलेला डबा पुढे करेल, तो घेऊ नका. वरच्या फळीवरचा मागा, निळ्या झाकणाचा. तारीख वाचून घ्या."

त्याने खिशातला दुमडता चाकू त्यांच्या हातात दिला. मुठीला हिरवा दोरा गुंडाळलेला होता.

बाई खूश झाल्या. चोरावर मोर व्हायला मिळालं की कोण खूश होत नाही?

वन्नाकने गाडी वळणाच्या अलीकडेच, चिंचेखाली थांबवली. "पुढे चिखल आहे, चाक रुततं. तुम्ही पायी जाऊन या."

पुलापाशी ती आलीच. सोथिआ तिचं नाव. कडेवरचं पोर स्वतःचीच मूठ चोखत होतं.

"मॅडम, पैसे नको. बाळाला दूध."

बाई क्षणभर पोराकडे पाहत राहिल्या. कोणत्या आईने भाड्याने दिलं असेल, असं मनात आलं. पण त्यांनी मन घट्ट केलं. "चल," त्या म्हणाल्या.

दुकान ल्येनमावशीचं. बाई आत शिरताच मावशीने पोचा आलेला डबा फडक्याने पुसून पुढे केला.

"हा नको. तो. निळ्या झाकणाचा."

"आतलं दूध एकच असतं, मॅडम."

"मग तो द्यायला काय हरकत आहे?"

मावशी स्टुलावर चढली. "खमकी आहे ग तुझी मॅडम," ती आपल्या भाषेत पुटपुटली. सोथिआने मान खाली घातली.

बाईंनी तारीख वाचली, नोटा मोजून दिल्या, आणि झाकण काढून चाकूचं टोक पत्र्यात खुपसलं.

"नको, मॅडम, नको!" सोथिआ पुढे धावली. तोवर पत्रा गोल कापून निघाला होता. तिने तोंडावर हात घेतला आणि हुंदके द्यायला लागली. मावशीचा चेहरा तर एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"आता पाज त्याला," बाई म्हणाल्या, आणि ताठ मानेने बाहेर पडल्या. नॉम पेन्हचा सूड निघाला होता. त्यांना फार बरं वाटलं.

"परदेशात यांना हेच शिकवतात का ग हल्ली?" मावशी करवादली. "मागे त्या उंच पोरीनेही असाच फोडला. कोण सांगतं यांना?"

"कोण जाणे, मावशी."

"रडू नकोस. आज वाटाबिटा काही मिळायचा नाही. फोडलेला डबा मी काय डोक्यावर मारून घेऊ? घेऊन जा तो. रोज पेज पाजतेस, आज चैन कर."

सोथिआने फडक्याच्या टोकाने डोळे पुसले आणि डबा उचलला.

चिंचेखाली बाईंनी चाकू परत केला. "फोडला! काय रडली म्हणून सांगू."

"चांगलं केलंत."

हॉटेलपाशी बाई त्याला वर बक्षीस द्यायला लागल्या. वन्नाकने ठरल्या भाड्यावर एक नोटही जास्त घेतली नाही. या गावात एक तरी सरळ माणूस भेटला, असं म्हणत बाई आत गेल्या.

दिवस मावळताना तो भातखाचरांपलीकडे, खांबांवर उभ्या असलेल्या आपल्या घरी पोचला. रांजणातल्या पाण्याने पाय धुतले, शिडी चढला, चाकू भिंतीतल्या खिळ्याला अडकवला. चुलीवर पाणी तापत होतं.

"बाई म्हणाली, फार रडलीस म्हणे."

"मावशी समोर होती. कमी रडून चाललं असतं?" निळं झाकण उघडत सोथिआ म्हणाली. "बरं, धर आता तुझं हे भाड्याचं पोर. मी बाटली भरते."