जीपचं नाक

मिलिटरीच्या लिलावातली जीप सलाउद्दीनने वऱ्हाडासाठी वाढवली. मागं लांब बाक जोडले, टपावर लोखंडी कॅरियर चढवला. सिन्नरहून पेठला निघताना वरमाई सुलाबाई म्हणाली, "मी पुढं बसते." तिचा नवरा सहादू म्हणाला, "बाया मागं." सुलाबाईने गुमान सामान चढवून घेतलं आणि मागं बसली.

सावळघाटाचा चढ लागला तशी जीपने नाक वर केलं. पुढची चाकं आभाळात फिरायला लागली, त्यात मुहूर्त जवळ आलेला.

"मागं भार लय झाला," सलाउद्दीन म्हणाला. "बॉनेटवर कुणीतरी वजनदार पाहिजे."

सगळ्यांनी सुलाबाईकडं पाहिलं, पण बोलायचं धाडस होईना. शेवटी सहादूनेच हात जोडले. "वरमाईचा मान पुढं."

बॉनेटवर गोधडी अंथरली, सुलाबाई छत्री उघडून बसली आणि चाकं खाली आली. अख्खा घाट सलाउद्दीनने तिच्या पदराआडून रस्ता बघत चढवला. मुहूर्त गाठला.

मांडवापाशी सामान उतरवताना मागच्या बाकाखाली त्याला जात्याचे दोन्ही दगड सापडले.

"सलाउद्दीनभाऊ," सुलाबाई हळूच म्हणाली, "परतीला पण ते तिथंच राहू द्या बरं का."