टेबलावरची गोणी

"बाई, राखीव जंगलात मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही," पिंजऱ्यातला लाकूडठेकेदार छातीठोकपणे म्हणाला.

सरकारी वकीलबाई गोड हसल्या. चोरांनी तोडलेल्या सागावर मुद्दाम खाजकुयरी चोळलेली गोणी टाकली होती. ती उचलणारा वनरक्षक आठवडाभर अंग ओरबाडत होता. कोर्टात मात्र बाईंनी किंवा इतर कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"बरं, तुमच्या शेजारच्या टेबलावरची ती गोणी जरा इकडे देता?"

ठेकेदाराने हाताला रुमाल गुंडाळला आणि मेलेला उंदीर धरावा तशी गोणी चिमटीत उचलली.

"रुमाल कशाला हो?"

"खाजकुयरी आहे ना तिला!"

जज्जसाहेबांनी दचकून खुर्ची मागे घेतली, मान कराकरा खाजवली.

"घाबरू नका, साहेब. ही कोरी आहे, सकाळीच बाजारातून आणली," बाई म्हणाल्या. "खाजकुयरीची गोणी यांनी कुठे पाहिली, तेवढंच आता विचारायचंय."