दीपगृहाची चढण

“बाबा, थांब! केवढा खेकडा!” मी ओरडले. खेकडा वगैरे काही नव्हता, पण बाबा थांबला आणि मला तेवढंच हवं होतं.

अंदमानच्या राखीव जंगलातली ही वाट समुद्राच्या कडेकडेने वर दीपगृहापर्यंत जाते. हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबा पहिल्यांदाच एवढं चालत होता. ‘चाला, पण थांबत थांबत,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण थांबायला सांगितलं की हा चिडायचा. म्हणून मी दर वळणावर बुटातला खडा, फोटो, पाणी असं काहीतरी काढत होते. आई कानात म्हणाली, “चालू ठेव गं.”

शेवटच्या उभ्या चढावर मात्र माझी कारणंच संपली. बाबा धापा टाकत तसाच पुढे निघाला.

थोडा वर जाऊन तो वळला. “ए, पुढे ये. दमलोय मी. हात दे.”

“मग इतका वेळ बोलला का नाहीस?”

“तुझी नाटकं बघायची होती ना!”

मी पुढे जाऊन पाय रोवले. त्याने माझा हात धरला आणि आपला सगळा भार माझ्यावर टाकला. मी जराही हलले नाही!