बारा मीटरचा किडा

नगराध्यक्षांनी दोरी ओढली. पडदा घसरला आणि बारा मीटर लांबीचा हिरवा किडा उन्हात लखलखला. बँड वाजू लागला. डोक्याला किड्यासारख्या कागदी मिश्या बांधलेली शाळकरी पोरं टाळ्या पिटू लागली.

व्यासपीठावर कीटकशास्त्रज्ञ नेलिथला आनंदाने हुंदका आवरेना. खरा किडा तिच्या करंगळीच्या नखाएवढा. उकायाली नदीच्या खालच्या वळणावर, वाळूच्या एकाच पट्ट्यावर तो तिला सापडला होता. दुसरीकडे कुठेच नाही. तेव्हा ती नगराध्यक्ष एदिल्बेर्तो यांच्याकडे गेली होती. "अळ्या त्याच वाळूत बिळं करून वाढतात. पट्टा वाचला तर किडा वाचेल, साहेब."

साहेबांनी छातीवर हात ठेवला होता. "किड्याला अमर करतो, इंजिनीयरबाई!" गावात शिकलेली प्रत्येक बाई इंजिनीयरच.

मग किड्याचं शास्त्रीय नाव पक्कं करायला ती राजधानीला, लिमाला गेली. आज बोटीतून उतरली ती थेट या समारंभालाच.

तिने पुतळा निरखला. पाय सहाच. विळ्यासारखे जबडे, पाठीवरची पांढरी नक्षी, सगळं बरोबर. फक्त किडा हसत होता.

"पोरं घाबरतील म्हणून," साहेब कुजबुजले.

"हा तुझा किडा होय गं?" पानात बांधलेला भात खात खालून सोइला मावशी ओरडली. "माझ्या घरात आला असता तर चपलेनं चेचला असता! आता निवडणुकीला उभा करा त्याला. निदान पळतो तरी!"

सगळा चौक हसला. साहेबही हसले, पण जरा जपूनच.

नेलिथ बोलायला उभी राहिली. "एका किड्यासाठी गाव एवढं करतं, हे लिमात सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही." तिने माईक बाजूला सारला. "बस, भाषण पुरे. चला रे पोरांनो, आता खऱ्या किड्याला भेटू. वळणावरच्या पट्ट्यावर."

पोरं जागची हलली नाहीत.

"कुठल्या पट्ट्यावर?" एका मुलीने विचारलं.

साहेब लगबगीने पुढे झाले. पुतळ्याच्या सिमेंट-वाळूच्या जाडजूड पायावर त्यांनी अभिमानाने थाप मारली.

"पुतळा काय, चौक काय, अख्खा पट्टा इथेच आणलाय, इंजिनीयरबाई! बाहेरची घमेलंभर वाळू लागू दिली नाही आम्ही."