उपासनाचा तिसरा नंबर

"नाव झाकून तपासलं तर पोरगी पहिली. नाव बघून तपासलं की तिसरी. हे कसं काय, मॅडम?"

सुजाताबाईंनी निकालाचा कागद टेबलावर आपटला. कागदाचा आवाज झाला नाही, म्हणून पाठोपाठ हातही आपटला.

शरयू मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. अमेरिकेत ट्रॉयमधली ही रविवारची मराठी शाळा त्या आठ वर्षं चालवत होत्या. मार्कांची पद्धत सकाळपासून तिसऱ्यांदा समजावून सांगायची होती. आधीचे दोघे पालक इंजिनिअर होते, त्यांच्याही डोक्यात शिरली नव्हती.

"काकू, अर्धे मार्क परीक्षेचे. तो पेपर फ्रीमाँटच्या मुख्य शाळेतले लोक तपासतात, त्यांना नाव दिसत नाही. अर्धे मार्क वर्षभराच्या कामाचे. ते मी देते. पण मी सढळ हातानं देते की कंजुषी करते, हे वरच्यांना कसं कळणार? म्हणून ते माझे मार्क घेतच नाहीत. फक्त नंबर घेतात. वर्षभराच्या कामात जो पहिला, त्याला आपल्या वर्गात परीक्षेला पडलेले सगळ्यांत जास्त मार्क लावतात. दुसऱ्याला त्याखालचे. तिसऱ्याला त्याच्याखालचे."

"परीक्षेत सगळ्यांत जास्त कुणाला पडले?"

"उपासनाला. चौऱ्याण्णव."

"आणि वर्षभराचे म्हणून ते चौऱ्याण्णव लावले कुणाला?"

"अंकुरला. पण उपासनाचे परीक्षेचे तिच्याकडे आहेतच की."

"आहेतच! उपकार झाले. भाकरी आमच्या पोट्टीनं थापायची आणि वाढायची अंकुरच्या ताटात."

"आजी, प्लीज," दाराशी उभी असलेली नात पुटपुटली. "इट्स फाइन."

"काय फाइन? अठ्ठ्याऐंशी आहेत तुझे."

नव्वद हवे होते. नव्वद आले की हायस्कूल दुसऱ्या भाषेचं क्रेडिट देतं, स्पॅनिश घ्यावं लागत नाही. त्या तासाला उपासनाला रोबोटिक्स घ्यायचं होतं. दोन वर्षं तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. परीक्षेचे चौऱ्याण्णव, तिसऱ्या नंबराचे ब्याऐंशी, दोन्हींचं अर्धं अर्धं. सुजाताबाईंनी गाडीतच बोटांवर करून पाहिलं होतं. अंकुरला परीक्षेत अठ्ठ्याऐंशीच होते. तो एक्क्याण्णव घेऊन मोकळा झाला.

"एक रविवार चुकला नाही तिचा," त्या म्हणाल्या. "बर्फ पडला तेव्हा काचा मी स्वतः खरवडल्या. मग तिसरी कामून? आडनाव ऐकलं की काही जणांचा हात आखडतो, हे मी गावात पाहिलंय. इतक्या लांब येऊन तेच बघायचं का?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. बाहेर वर्गातल्या अबोलीची आई आणि मराठी मंडळातल्या आणखी दोघी आपल्या पाळीची वाट बघत होत्या. त्यांची कुजबुज थांबली.

मॅडमनी लॅपटॉप वळवला. "तुम्हीच बघा, काकू."

"तुम्ही वाचा. चष्मा नाही आणला." चष्मा त्यांच्या गळ्यात लटकत होता.

"निबंध, वीसपैकी एकोणीस. वाचन, वीस. संभाषण, एकोणीस. मुलाखत, शून्य."

"शून्य?"

"घरातल्या मोठ्या माणसाला त्यांच्या शाळेबद्दल विचारायचं आणि रेकॉर्ड करून आणायचं. सगळ्या पालकांसमोर लावणार होतो. बाकी मुलांनी दिलं. हिला मी दोनदा मुदत वाढवून दिली. वीसपैकी दहा जरी पडले असते तरी ही पहिली आली असती. हिनं लिहून दिलं, आजी इंडियात आहे."

सुजाताबाई तीन वर्षांत ट्रॉयच्या बाहेर गेल्या नव्हत्या.

त्या नातीकडे बघायला वळल्या. नात बुटांकडे बघत होती.

ऑक्टोबरातली दुपार. उपासनानं ओट्यावर फोन ठेवला होता. आजी, तू कितवीपर्यंत शिकलीस? नुसता पहिला प्रश्न. सुजाताबाईंनी गॅस मोठा केला होता. मंडळात पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी शिक्षण विचारलं, तेव्हा त्या 'मॅट्रिक' म्हणून बसल्या होत्या. एकदा म्हटलं ते म्हटलं. आता खरं सांगितलं तर ते सगळ्यांसमोर वाजणार होतं. "माझ्या असल्या चौकशा करायच्या नाहीत," त्या नातीवर ओरडल्या होत्या. "सांग तुझ्या मॅडमला, आजी इंडियात गेली म्हणून."

पोरीनं सांगितलं. तेच, तसंच. वर एक शब्द नाही. घरी तक्रार नाही.

"आता दिलं तर?" सुजाताबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"नंबर गेलेत वर, काकू. आता कुणालाच बदलता येत नाहीत."

सुजाताबाईंनी मान हलवली. खुर्ची ओढून बसल्या. मॅडम दार लावायला उठल्या.

"असू द्या उघडं," सुजाताबाई म्हणाल्या. "उपासना, फोन काढ."

"आजी, मार्क नाही मिळणार आता."

"मार्क गेले चुलीत. चालू कर."

उपासनानं फोन टेबलावर ठेवला. सुजाताबाईंनी पदर सारखा केला आणि दाराबाहेरच्या तिघींना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सुरुवात केली.

"सुजाता पंडित रामटेके. शाळा चौथीपर्यंत. नंबर चारही वर्षं पहिला."